पानातला आकडा नेमके काय सांगतो? भाजीपाला पिकांच्या पान परीक्षणाविषयी

समजा, टोमॅटोच्या एकाच शेतातून पानांचे दोन नमुने तपासायला पाठवले. एक जोमदार, गर्द हिरव्या पट्ट्यातला आणि दुसरा खुरटलेल्या, पिवळट पट्ट्यातला. अहवाल आला तेव्हा खुरटलेल्या झाडांच्या पानांत स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅशियम) जास्त निघाले, जोमदार झाडांत कमी. असा कागद हाती आला की पहिली शंका येते ती पाकिटांची अदलाबदल झाल्याची. दुसरी शंका थेट प्रयोगशाळेवरच जाते. बहुतेक वेळा यातले काहीच घडलेले नसते. अहवाल बरोबर असतो, पण त्या आकड्यातून जो अर्थ आपण काढतो तो त्यात नसतो.

भाजीपाल्यात पान परीक्षणाचा वापर वाढतो आहे आणि त्याबरोबर गोंधळही. टक्के, पीपीएम (दहा लाखांत किती भाग), ‘पुरेसे’, ‘कमी’ अशा शब्दांनी भरलेला तक्ता मिळतो, त्यावरून खतांची लांबलचक यादी निघते आणि पीक मात्र जसेच्या तसे राहते. तक्ता नीट वाचता यायला हवा असेल तर हा आकडा कसा तयार होतो, इथूनच सुरुवात केलेली बरी.

माती तपासली आहे, मग पान कशाला?

माती परीक्षण कोठारात धान्य किती आहे ते सांगते. पान परीक्षण त्यातले पोटात किती गेले ते सांगते. कोठार भरलेले असूनही माणूस उपाशी राहू शकतो आणि पिकाचेही तसेच होते. जमिनीत स्फुरद भरपूर असते, पण माती थंड असली की मुळांना ते पुरेसे उचलता येत नाही. पाणी साचून वाफसा (मातीतला पाणी आणि हवेचा मेळ) गेला तर मुळांना हवा मिळत नाही आणि सगळीच अन्नद्रव्ये कमी जातात. सूत्रकृमींनी (मुळांत शिरणाऱ्या सूक्ष्म कृमींनी) मुळांवर गाठी केल्या, जमिनीखाली घट्ट थर असला, पाण्यात क्षार जास्त असले किंवा सामू, म्हणजे मातीचा आम्ल-विम्लपणा, फार चढला तरी हाच परिणाम होतो. वरचा थर कोरडा पडला की बोरॉनची टंचाई लगेच दिसते, कारण ते मुळांपर्यंत पाण्याबरोबरच पोहोचते.

पान परीक्षण हे ‘किती गेले’ एवढेच दाखवते. ‘का गेले नाही’ हे त्यात लिहिलेले नसते. पानात नत्र (नायट्रोजन) कमी आहे म्हणजे जमिनीत नत्र कमी आहे असे नव्हे. कदाचित मुळेच कुजली असतील. म्हणून लागवडीआधी माती, उभ्या पिकात पान आणि अडचण आली तर दोन्ही एकाच दिवशी, हा क्रम धरावा. एकाच्या जागी दुसरे चालत नाही.

आकडा म्हणजे भागाकार

अहवालात ‘नत्र ३.२ टक्के’ असे लिहिलेले असते. याचा अर्थ पान पूर्ण वाळवल्यावर उरलेल्या १०० ग्रॅम कोरड्या भागात ३.२ ग्रॅम नत्र आहे. म्हणजे ही रक्कम नाही, भागाकार आहे. वर अन्नद्रव्य, खाली पानाचे कोरडे वजन. यातली कोणतीही बाजू हलली की आकडा हलतो. पुढची जवळजवळ सगळी गुंतागुंत या एका गोष्टीतून निघते.

भांड्यात मीठ घातलेले पाणी आहे असे धरा. पाणी वाढवले तर खारटपणा उतरतो, मीठ मात्र तेवढेच असते. पाणी आटले तर खारटपणा चढतो, मीठ तरीही तेवढेच. पिकातही असेच होते. हवामान अनुकूल आहे, नत्र भरपूर मिळाले आहे आणि झाड झपाट्याने पाने-खोड करते आहे. अशा वेळी पालाश आधीइतकाच किंवा थोडा जास्त येत असला तरी तो मोठ्या वाढीत वाटला जातो आणि टक्केवारी खाली येते. याला विरलता म्हणतात. याउलट पाण्याच्या ताणाने, रोगाने किंवा एखाद्याच अन्नद्रव्याच्या टंचाईने वाढ थांबली, तर आधी आलेली बाकीची अन्नद्रव्ये छोट्याशा झाडात कोंबलेली राहतात आणि त्यांचे आकडे फुगतात. सुरुवातीच्या उदाहरणातल्या खुरट्या झाडांचे हेच झाले. त्यांची वाढ नत्राअभावी अडली आणि स्फुरद-पालाश ‘जास्त’ दिसू लागले. तिथे पालाश बंद करणे चुकीचे ठरेल. नत्र मिळाले आणि झाड वाढायला लागले की हीच टक्केवारी आपोआप उतरेल.

यातला सर्वांत चकवा देणारा प्रकार तीव्र टंचाईचा आहे. एखादे अन्नद्रव्य फारच कमी असलेल्या झाडाला त्याची थोडीशी मात्रा मिळाली, तर झाड इतक्या जोमाने वाढते की टक्केवारी वाढण्याऐवजी आणखी उतरू शकते. उपाय लागू पडतो आहे, पण कागद उलटे सांगतो. म्हणूनच झाडाची उंची, पानांचा आकार आणि फुलांची संख्या यांची नोंद जवळ नसेल तर नुसत्या अहवालावरून निष्कर्ष काढू नये. भागाकारातली खालची बाजू त्या नोंदींतून कळते.

कोणते पान तोडायचे?

नत्र, स्फुरद, पालाश आणि मॅग्नेशियम झाडात फिरतात. टंचाई आली की झाड ती जुन्या पानांतून काढून नव्या पानांकडे पाठवते. कॅल्शियम आणि बोरॉन बहुतेक भाज्यांत जिथे पोहोचले तिथेच बसतात, त्यामुळे जुन्या पानांत कॅल्शियम साठत जाते. परिणामी एकाच झाडाच्या खालच्या आणि वरच्या पानांचे आकडे दोन वेगळ्या शेतांचे वाटावेत इतके निराळे येतात. यावर उपाय म्हणून सगळ्या तुलनेसाठी एक ठरावीक पान मानले गेले आहे: नुकतेच पूर्ण वाढलेले पान. शेंड्याकडून खाली येताना कोवळी, चमकदार, फिकट पाने संपून जिथे रंग गर्द होतो आणि आकार वाढायचा थांबतो, ते हे पान.

टोमॅटोत हे शेंड्याकडून मोजत साधारण तिसरे ते पाचवे असते. इथे एक चूक हमखास होते. टोमॅटोचे पान म्हणजे देठ आणि त्यावरच्या सगळ्या पर्णिका (छोटी उपपाने) मिळून झालेले संयुक्त पान. एक पर्णिका तोडली म्हणजे पान तोडले असे होत नाही. काकडीवर्गीय वेलींत शेंड्यापासून सुमारे पाचवे पान, बटाट्यात चौथे, मिरची आणि वांग्यात शेंड्याखालचे पहिले पूर्ण वाढलेले पान घेतात. घेवड्यात नुकतेच पूर्ण उघडलेले तीन पर्णिकांचे पान, तर कोबीत गड्डा धरू लागल्यावर त्याला लपेटून असलेले बाहेरचे पान.

देठ ठेवायचा की काढायचा हे आधीच प्रयोगशाळेला विचारून घ्यावे. देठात पालाश आणि नायट्रेट (मुळांनी उचललेल्या नत्राचे एक रूप) जास्त असते, पात्यात, म्हणजे पानाच्या पसरट भागात, एकूण नत्र जास्त असते. पात्यासाठी ठरवलेल्या संदर्भ आकड्यांशी देठासकट नमुन्याची तुलना केली तर तो आकडा कशाशीच जुळणार नाही.

पानाइतकीच पिकाची अवस्था महत्त्वाची. फळभाज्यांत पहिली फुले उमलण्याची वेळ सर्वांत उपयोगी, कारण तेव्हा संदर्भ आकडे चांगले ठरलेले आहेत आणि दुरुस्तीला वेळही उरतो. दुसरा नमुना फळे वाढू लागल्यावर घ्यावा. पालेभाज्यांत वाढीच्या मध्यावर. नमुना पाठवताना ‘लागवडीनंतर ४० दिवस’ एवढेच लिहून भागत नाही, ‘पहिली फुले’ किंवा ‘फळे सुपारीएवढी’ असे लिहावे. थंडीत आणि उन्हाळ्यात ४० दिवसांचे पीक सारखे नसते.

नमुना बिघडतो तो शेतातच

प्रयोगशाळेत जेवढ्या चुका होतात त्याहून कितीतरी जास्त चुका पान तोडताना आणि पाठवताना होतात, म्हणून इथे थोडे रेंगाळू या.

एका नमुन्यात २५ ते ५० पाने हवीत, एका झाडाचे एकच. पाने मोठी असतील तर २५ पुरतात. शेतातून नागमोडी चालत तोडावीत. बांधालगतच्या ओळी, रस्त्याकडेची धुळीने माखलेली झाडे, रोगट, किडीने खाल्लेली किंवा फाटलेली पाने टाळावीत. वाण, लागवडीची तारीख, जमीन आणि खत यांपैकी एकही वेगळे असेल तर नमुना वेगळा करावा. उतारावरची हलकी जमीन आणि खालची भारी जमीन यांची सरासरी काढली तर येणारा आकडा दोन्ही ठिकाणी खोटा ठरतो.

पिकात काही बिघडले आहे म्हणून तपासणी करत असाल तर पद्धत बदलते. तेव्हा बिघडलेल्या आणि शेजारच्या चांगल्या झाडांचे दोन वेगळे नमुने, त्याच अवस्थेतले, त्याच क्रमांकाच्या पानांचे घ्यावेत आणि दोन्ही जागांच्या मुळांजवळची मातीही सोबत पाठवावी. लक्षणे नुकतीच सुरू झालेली असताना हे करायला हवे. करपून वाळलेल्या पानाचा अहवाल पान का मेले ते सांगत नाही, कारण मेल्यानंतरचे बदलही त्यात मिसळलेले असतात.

फवारणीचा प्रश्न सर्वांत त्रासदायक. मँकोझेब या बुरशीनाशकात मँगनीज आणि जस्त असते, ताम्रयुक्त बुरशीनाशकांत तांबे. ही औषधे पानावर चिकटलेली असतील तर अहवालात ही द्रव्ये भरपूर दिसतात, प्रत्यक्षात ती पानाच्या आत गेलेलीच नसतात. धुऊनही ती पूर्ण निघत नाहीत. म्हणून फवारणीआधी नमुना घ्यावा. ते जमले नाही तर कोणते औषध कधी मारले हे पाकिटावर लिहावे आणि त्या द्रव्यांचे आकडे निर्णयात धरू नयेत. धुळीची खूण वेगळी असते: लोहाचा आकडा अवाच्या सवा चढतो. शेकडो पीपीएम लोह दिसले तर पहिला संशय मातीवर घ्यावा.

धुवायचे असेल तर पान ताजे असतानाच, स्फुरद नसलेल्या साबणाच्या अगदी सौम्य पाण्यात झटकन बुडवून लगेच शुद्ध पाण्यातून काढावे. सगळे मिळून अर्ध्या मिनिटाच्या आत. पाने पाण्यात भिजत ठेवली तर पालाश आणि बोरॉन विरघळून बाहेर येतात. पाने स्वच्छ असतील आणि सूक्ष्म अन्नद्रव्यांचा प्रश्न नसेल तर धुण्याच्या फंदात न पडलेलेच बरे.

आणि प्लॅस्टिकची पिशवी नको. कागदी किंवा कापडी पिशवी घ्यावी. तोडलेले पानही श्वास घेत राहते. बंद पिशवीत ते गरम होते, कुजू लागते आणि त्यातली कर्बोदके जळून कोरडे वजन घटते. पुन्हा तोच भागाकार: खालची बाजू घटली, आकडा वर गेला. त्याच दिवशी पोहोचवता येत नसेल तर पाने सावलीत पसरून सुकवावीत.

प्रयोगशाळेत काय होते

पाने साधारण ६५ ते ७० अंश सेल्सिअसला वाळवून दळतात. पुढे ती पूड तीव्र आम्लात विरघळवतात किंवा सुमारे ५०० अंशांना जाळून राख करतात आणि त्या द्रावणातले एकेक मूलद्रव्य यंत्राने मोजतात. नत्र जाळताना उडून जाते, म्हणून त्याची तपासणी वेगळी होते. त्यासाठीची जेल्डाल पद्धत १८८३ पासून वापरात आहे. मोठ्या प्रमाणात लागणारी अन्नद्रव्ये टक्क्यांत आणि सूक्ष्म अन्नद्रव्ये पीपीएममध्ये देतात. १ पीपीएम म्हणजे १ किलो कोरड्या पानात १ मिलिग्रॅम. १ टक्का म्हणजे १०,००० पीपीएम.

एककांचा एक सापळा लक्षात ठेवावा. पानाच्या अहवालात स्फुरद आणि पालाश मूलद्रव्य म्हणून असतात, खताच्या पिशवीवर ते ऑक्साइडच्या रूपात लिहिलेले असतात. अहवालातील पालाशाला १.२ ने आणि स्फुरदाला २.२९ ने गुणले की पिशवीवरच्या भाषेतला आकडा मिळतो.

‘पुरेसे’ म्हणजे किती?

उत्पादन अन्नद्रव्याअभावी अडत नाही अशा आकड्यांच्या पट्ट्याला पुरेसेपणाचा पट्टा म्हणतात. टोमॅटोत पहिल्या फुलांच्या वेळी नत्र २.८ ते ४, स्फुरद ०.२ ते ०.४, पालाश २.५ ते ४, कॅल्शियम १ ते २ आणि मॅग्नेशियम ०.३ ते ०.५ टक्के हा सर्वसाधारण पट्टा धरतात. बोरॉन २० ते ४० पीपीएम, मँगनीज ३० ते १०० पीपीएम. काढणीच्या काळात नत्राचा पट्टा उतरतो आणि २ ते ३ टक्के पुरेसे मानले जातात. म्हणजे २.५ टक्के नत्र हा आकडा फुलोऱ्यात कमतरता आहे आणि काढणीत चांगला आहे. अवस्था न लिहिलेला नमुना का निरुपयोगी ठरतो ते यातून दिसते.

पट्ट्याची कड म्हणजे कडा नव्हे. २.७ आला म्हणून पीक कोसळत नाही आणि २.९ आला म्हणून निर्धास्त होता येत नाही. नमुना घेण्यातच तेवढा फरक पडतो. पट्ट्याच्या बराच खाली असलेला आकडा आणि वारंवार खाली येत जाणारा आकडा, या दोहोंना महत्त्व द्यावे.

खालच्या कडेच्या जवळ एक टप्पा असतो, तिथे पान हिरवेच दिसते पण उत्पादन घटू लागलेले असते. याला छुपी भूक म्हणतात. ती डोळ्यांना दिसत नाही आणि पान परीक्षणाचा खरा फायदा तिथेच आहे. वरच्या बाजूला उलटा प्रकार आहे: पिके काही अन्नद्रव्ये, विशेषतः पालाश, गरजेपेक्षा जास्त उचलून ठेवतात. त्याने उत्पादन वाढत नाही आणि मॅग्नेशियम व कॅल्शियम उचलण्यात अडथळा येतो. म्हणून मॅग्नेशियम कमी दिसले की आधी पालाशाचा आकडा पाहावा. पालाश पट्ट्याच्या वर असेल तर मॅग्नेशियम घालण्याआधी पालाश थांबवणे हा पहिला उपाय. स्फुरद फार जास्त असेल तर जस्ताकडे, अमोनियमयुक्त खते जास्त दिली असतील तर कॅल्शियमकडे असेच पाहावे.

काही अहवालांत अन्नद्रव्यांच्या परस्पर गुणोत्तरांवरून, कोणते सर्वांत अपुरे आणि कोणते सर्वांत जास्त अशी क्रमवारी दिलेली असते. ती उपयोगी असते, पण ती नेहमी कुणाला तरी शेवटच्या क्रमांकावर बसवतेच. सगळी अन्नद्रव्ये पुरेशी असतानाही यादीत कोणीतरी शेवटचे असणारच. म्हणून ती पुरेसेपणाच्या पट्ट्याशेजारी ठेवून वाचावी.

अहवाल यायला वेळ लागतो, तोवर पीक पुढे गेलेले असते

हा आक्षेप खरा आहे. तीन महिन्यांच्या पिकात आठवडा-दहा दिवस म्हणजे एक अवस्था. यासाठी दोन मार्ग आहेत. नमुना लवकर, पहिल्या फुलांनाच घ्यायचा. किंवा नत्र आणि पालाश यांच्यासाठी देठाचा रस शेतातच तपासायचा.

देठाच्या रसात झाडाने नुकतेच उचललेले, अजून न वापरलेले नायट्रेट असते. कोरड्या पानातले एकूण नत्र ही आतापर्यंतची कमाई असेल, तर रसातले नायट्रेट हा खिशातला सुटा पैसा. तो लवकर वर-खाली होतो, म्हणून खत देण्याचे वेळापत्रक आठवड्यागणिक जुळवायला उपयोगी. टोमॅटोत पहिल्या कळ्यांच्या वेळी नायट्रेट-नत्र (नायट्रेटमधले फक्त नत्र) १,००० ते १,२००, पहिली फुले उमलताना ६०० ते ८००, फळे वाढताना ४०० ते ६०० आणि पहिल्या तोड्याला ३०० ते ४०० पीपीएम हा चांगला उतरता क्रम मानला जातो.

वीसेक देठ घ्यावेत, पाते लगेच काढून टाकावे, लसूण पिळण्याच्या साधनाने रस काढावा आणि तो लगेच नायट्रेट किंवा पालाश मोजणाऱ्या छोट्या मापकावर ठेवावा. देठ थांबवायचे असतील तर बंद पिशवीत बर्फावर. मापक दर वेळी प्रमाण द्रावणाने जुळवून घ्यावा आणि वाचन सावलीत करावे. रोज नमुन्याची वेळ एकच ठेवावी, कारण दिवसभरात नायट्रेट बदलते. साधारण सकाळी १० ते दुपारी २ ही वेळ चालते. खत सोडल्याच्या दिवशी मोजू नये. आणि मापक ‘नायट्रेट’ दाखवतो की ‘नायट्रेट-नत्र’ हे पाहावे. नायट्रेटला ४.४३ ने भागले की नायट्रेट-नत्र मिळते. हा भागाकार विसरला तर उपाशी पीक भरल्या पोटाचे दिसते.

अहवाल ‘पुरेसे’ म्हणतो आणि फळांची बुडे काळी पडतात

टोमॅटोच्या फळाचे टोक काळे पडते ते फळात कॅल्शियम न पोहोचल्यामुळे. पानात मात्र ते २ टक्के असू शकते. कॅल्शियम मुळांकडून वर येणाऱ्या पाण्याबरोबर जाते आणि पाणी जिथून जास्त उडते तिकडे वळते. पाने भरपूर पाणी उडवतात, फळ फारच थोडे. पाणी कधी जास्त, कधी कमी झाले, क्षार वाढले किंवा पाने फार माजली की फळाचा वाटा आणखी घटतो. कोबीच्या आतल्या कोवळ्या पानांच्या कडा करपतात त्यामागेही हेच कारण आहे. पान परीक्षणाने हे पकडता येत नाही. इथे पाण्याची पाळी सांभाळणे, अमोनियम आणि पालाशाचा अतिरेक टाळणे हे उपाय आहेत. पानाचा आकडा चांगला आहे म्हणून ‘कॅल्शियमचा प्रश्न नाही’ असे म्हणता येत नाही.

लोहाचेही असेच. चुनखडीच्या जमिनीत पिवळ्या पडलेल्या पानांत एकूण लोह हिरव्या पानांइतके किंवा त्याहून जास्त निघते. लोह पानात शिरते, पण निष्क्रिय रूपात अडकून पडते, शिवाय पान लहान राहिल्याने टक्केवारीही फुगते. ताज्या पानातले क्रियाशील लोह तपासण्याची वेगळी पद्धत आहे. तिची सोय नसेल तर शेतातली साधी चाचणी करावी: अर्धा टक्का फेरस सल्फेट आणि थोडे सायट्रिक आम्ल यांचे द्रावण काही पिवळ्या पानांवर लावून त्यांना खूण करावी. थोड्या दिवसांत तिथे हिरवे ठिपके उमटले तर कमतरता लोहाचीच.

कमी निघाले. आता किती खत?

पानाचा आकडा थेट किलोत बदलत नाही, पण अंदाज बांधता येतो. समजा, फुलोऱ्यातल्या टोमॅटोत हेक्टरी पाने आणि खोड मिळून ३,००० किलो कोरडे वजन आहे, नत्र २.३ टक्के आहे आणि ते ३ टक्क्यांवर न्यायचे आहे. ०.७ टक्के म्हणजे २१ किलो नत्र. दिलेल्यातले दोन तृतीयांश पिकाला मिळते असे धरले तर सुमारे ३२ किलो नत्र, म्हणजे जवळपास ७० किलो युरिया, नेहमीच्या वेळापत्रकाच्या वर द्यावा लागेल. हे एकदम न देता ठिबकमधून तीन-चार हप्त्यांत द्यावे आणि प्रत्येक हप्त्यानंतर वाढ पाहावी.

याच हिशेबातून फवारणीची मर्यादा कळते. हेक्टरी ५०० लिटर पाण्यात १ टक्का युरिया मारला तर ५ किलो युरिया, म्हणजे २.३ किलो नत्र पडते, आणि तेही सगळे आत जात नाही. २१ किलोसाठी किमान नऊ-दहा फवारण्या लागतील. फवारणीने पान तजेलदार दिसते, तूट भरत नाही. बोरॉनचा हिशेब मात्र पूर्ण वेगळा निघतो. तेच ३,००० किलो वजन १५ पीपीएमवरून ३५ वर न्यायला फक्त ६० ग्रॅम बोरॉन लागते. २० टक्के बोरॉनचे खत लिटरला १ ग्रॅम या प्रमाणात ५०० लिटरमधून दिले तर एका फवारणीत १०० ग्रॅम पडते. फवारणी सूक्ष्म अन्नद्रव्यांना का शोभते ते इथे दिसते. बोरॉन जुन्या पानांतून नव्यांत जात नाही, म्हणून ती फुलोऱ्याआधी द्यावी आणि नवी वाढ आल्यावर पुन्हा. पण बोरॉनची कमतरता आणि विषबाधा यांतले अंतर फार थोडे असते. अहवालाशिवाय मात्रा वाढवू नये. मॅग्नेशियम यांच्या मधोमध येते: फवारणीने तात्पुरता आधार मिळतो, मोठी तूट जमिनीतूनच भरावी लागते.

नत्र देण्याआधी मुळे उपटून पाहावीत. ती तपकिरी, कुजकी किंवा गाठाळलेली असतील तर ७० किलो युरिया जमिनीतच राहील आणि पाण्याबरोबर खाली वाहून जाईल. त्या वेळी पाण्याचा निचरा हेच खत.

पाने पाहून कळत नाही का?

अनुभवी डोळ्याला बरेच कळते: खालची पाने पिवळी म्हणजे बहुधा नत्र, खालच्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा म्हणजे बहुधा मॅग्नेशियम, हीच नक्षी शेंड्याच्या पानांवर असेल तर लोह किंवा मँगनीज. पण विषाणू, तणनाशकाचा अंश, कोळीची कीड आणि मुळांची कूज हीसुद्धा अशीच सोंगे घेतात. लोह आणि मँगनीज नुसत्या नजरेने वेगळे करणे तर फारच कठीण. शिवाय लक्षण दिसेपर्यंत छुप्या भुकेने उत्पादनाचा काही भाग आधीच नेलेला असतो. डोळ्याने संशय धरावा, पानाने तो तपासावा.

दर पिकाला तपासणी हवीच असे नाही. जमीन आणि खतांचा कार्यक्रम तोच असेल तर एक-दोन हंगाम फुलोऱ्यात आणि फळवाढीत नमुने घेऊन स्वतःच्या शेताचा आलेख बांधावा. सोबत उत्पादन, पाण्याच्या पाळ्या, दिलेली खते आणि त्या दिवशीची झाडांची उंची लिहावी. ज्या वर्षी पीक उत्तम आले त्या वर्षीचे पानांचे आकडे हा त्या शेतासाठी कुठल्याही छापील पट्ट्याइतकाच उपयोगी संदर्भ असतो. वाण, पाण्याचा स्रोत किंवा खताचा प्रकार बदलला की पुन्हा नमुना घ्यावा, आणि दुरुस्ती केल्यावर १० ते १४ दिवसांनी शेताच्या त्याच पट्ट्यातले, त्याच क्रमांकाचे पान पुन्हा तोडावे.